उतारवयातला पत्ता

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात एक वही आली. शंभर पानी, रेघांची, वाण्याच्या हिशेबाला आणतात तशी. तिच्या पहिल्या पानावर ह्यांनी उभ्या रेघा मारून रकाने पाडले: तळमजला, भाजी, दवाखाना, बस, वाचनालय, भाडे. आम्ही दोघे सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि साधी कोथिंबीर आणायची तरी रिक्षा करावी लागते इतकी वस्ती गावाबाहेर. मुले परगावी. तेव्हा पाय चालते आहेत तोवर गावात, जिथे सगळे चालत भागेल अशा एखाद्या जुन्या वस्तीत, पेन्शनीत बसेल असे घर बघावे, असे आमचे ठरले. दर रविवारी एक वस्ती पायाखाली घालायची आणि घरी आल्यावर रकाने भरायचे.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. चौथ्या-पाचव्या रविवारी ते रकाने भरताना माझ्या लक्षात आले की ही वही काही आपण पहिल्यांदा घातलेली नाही. उतारवयात राहते घर सोडून दूरच्या शहरातल्या एखाद्या गल्लीत बिऱ्हाड करायचे, आणि ते करताना नदी किती पावलांवर, जेवणाची सोय काय, आपली भाषा बोलणारे शेजारी आहेत का, महिन्याचा खर्च कुठून निघणार, हे सगळे आधी विचारून घ्यायचे, हा उद्योग मराठी माणसे निदान चार-पाचशे वर्षे करत आली आहेत. त्याला ती काशीवास म्हणत.

काशीयात्रा वेगळी आणि काशीवास वेगळा. यात्रेकरू जातो, स्नान-श्राद्ध उरकतो, गंगेचे पाणी भरून घेतो आणि परत येतो. काशीवासी परत येत नाही. काशीत मरण आले की स्वतः शंकर कानात तारक मंत्र सांगतो आणि जीव सुटतो, ही त्यामागची श्रद्धा. त्यामुळे काशीवास म्हणजे मरायला जाणे, अशी आपली ठाम समजूत असते. पण पंचावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी गेलेला माणूस तिथे पोचल्या दिवशी मरत नसे. तो दहा वर्षे जगे, कधी वीस. मोक्षाची हमी होती. तांदळाची, सरपणाची, छपराची नव्हती. ती ज्याची त्याला बघावी लागे. काशीवासाचा विचार बहुधा मरणाच्या बाजूने होतो; मला तो ह्या मधल्या वर्षांच्या बाजूने करायचा आहे.

शास्त्राने ह्या राहण्याला एक कडक रूपही दिले होते. क्षेत्रसंन्यास घेतलेल्याने पुन्हा क्षेत्राची हद्द ओलांडायची नाही. पुराणात तर ह्याहून टोकाचे सांगणे आहे: दगडाने आपलेच पाय मोडून घ्यावे, पण वाराणसीबाहेर पडू नये. हे अक्षरशः कोणी केले असेल असे नाही. तरी ह्या वचनामागे व्यवहाराची एक जाणीव आहे. पाय मोडलेल्या माणसालाही ज्या गावात राहता येईल, ते गाव कसे असायला हवे? देव, पाणी, अन्न आणि स्मशान हे सगळे हाताच्या अंतरावर असायला हवे.

आणि काशीत ते होते. गंगेच्या काठाने अस्सीपासून राजघाटापर्यंत घाटांची एक लांबच लांब ओळ, आणि तिच्या पाठीमागे उंच घरांच्या मधून वाकडीतिकडी जाणारी गल्ल्यांची वीण. जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीचा इंग्रज अधिकारी 1820 ते 1830 अशी दहा वर्षे इथे राहिला. त्याने शहराचा नकाशा केला, खानेसुमारी केली आणि चित्रेही काढली. त्या चित्रांतली दगडी, अनेक मजली, एकमेकांना टेकलेली घरे पाहिली म्हणजे कळते की इथे गाडी-घोड्याला जागाच नव्हती. पालखी जेमतेम जाई. गल्लीत ऊन दुपारी घटकाभर उतरे. हे शहर पायांसाठी कोणी मुद्दाम आखले नव्हते. पायांशिवाय दुसरे काही तिथे शिरूच शकत नव्हते.

ह्या गल्ल्या भाषेभाषेने वाटलेल्या होत्या. बंगाल्यांची बंगालीटोला. केदारघाट आणि हनुमानघाटाच्या बाजूला दक्षिणेकडचे लोक. ललिताघाटाशी नेपाळी. आणि शहराच्या उत्तर अंगाला, पंचगंगेच्या आसपास ब्रह्माघाट, दुर्गाघाट इथे मराठी. घर बदलताना आपण आज ज्याला ‘आपली माणसे असलेला भाग’ म्हणतो, त्याचा हा जुना नकाशा. परक्या मुलखात म्हातारपण काढायचे तर दुखणे आपल्या भाषेत सांगता आले पाहिजे, हे त्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

मराठी माणसांचे तिथले पाऊल जुने आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीत येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे त्या काळच्या काशीतले मोठे पंडित. प्रयाग, काशी आणि गया ह्या तीन क्षेत्रांवर त्यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. ह्याच घराण्यातले गागाभट्ट 1674मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. पण पंडितांचे येणे हे विद्येसाठी होते, वार्धक्यासाठी नव्हे. मराठी मोहल्ला ज्याला म्हणावे तो अठराव्या शतकात वसला. गोदावरीकाठच्या कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर 1730च्या दशकात काशीत आले. पेशव्यांच्या घरात त्यांना गुरूचा मान होता. त्यांनी ब्रह्माघाट-दुर्गाघाट भागात घाट बांधले आणि दक्षिणेतून येणाऱ्यांना राहायला जागा करून दिली. पुढे ह्या घराण्याची सावकारीही चालली. हा तपशील महत्त्वाचा आहे. जिथे आपल्या माणसाची पेढी आहे तिथे पुण्याची हुंडी वटते, आणि जिथे हुंडी वटते तिथे म्हाताऱ्या माणसाला राहता येते.

1735 साली पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला गेल्या. वाटेत राजपूत दरबारांनी त्यांचा मोठा सन्मान केला. त्या परत आल्या, तेव्हा तो काशीवास नव्हे. पण राज्यकर्त्याची आई उत्तरेत जाऊन सुखरूप येते, ही बातमी गावोगावच्या कितीतरी म्हाताऱ्यांनी आपापल्या परीने वाचली असणार: वाट आता उघडी आहे.

दुर्गाघाटावर बिऱ्हाड केलेल्या एखाद्या गृहस्थाचा दिवस कसा जाई, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. पहाटे पंचगंगेवर स्नान. कार्तिकात तिथे वेळूच्या काठ्यांना टांगलेले आकाशदिवे. वर चढले की बिंदुमाधव. जुने मंदिर औरंगजेबाच्या काळात जाऊन तिथे मशीद उभी राहिली, आणि आजचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींचे. पुढे मंगलागौरी. मागच्या अंगाला काळभैरव, काशीचा कोतवाल. भांडे घ्यायचे तर ठठेरी बाजार, किराणा घ्यायचा तर विश्वेश्वरगंज. घाटांच्या बाजूने दक्षिणेला निघाले तर वाटेत मणिकर्णिका आणि मग विश्वनाथ. हे सगळे साधारण एका मैलाच्या आत. शेवटचा प्रवासही त्याच वाटेने, चार जणांच्या खांद्यावर. आमच्या वहीत स्मशानाचा रकाना नाही. काशीवासीयाच्या वहीत तो पहिला असे, आणि मला वाटते त्यामुळे त्याला बाकीचे रकाने शांतपणे भरता येत असावेत.

आता भाड्याच्या रकान्याकडे येऊ. हे सगळे परवडत कसे होते?

त्याचे सरळ उत्तर असे की ते कोणीतरी दुसरा भरत होता. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, ते 1780च्या सुमारास पुरे झाले. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, त्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी ह्यांचा मुन्शीघाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1828मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप बांधला. घाट आणि देवळे डोळ्यांना दिसतात म्हणून आपण ती मोजतो. पण म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने देवळाइतकेच महत्त्व त्याच्या मागच्या वाड्यातल्या खोलीला आणि अन्नछत्रातल्या पानाला होते. ब्राह्मणाला रोजचे जेवण, सणाला दक्षिणा, वाड्यात फुकट किंवा नाममात्र भाड्याची खोली आणि घरून वर्षाकाठी येणारी एखादी हुंडी, ह्यांच्यावर म्हातारपण निभे. दक्षिणेकडच्या नगरथार चेट्टियारांनीही हेच ओळखले. त्यांचे काशीतले छत्र 1813 सालचे, आणि तिथून विश्वनाथाच्या पूजेचे साहित्य रोज पायी वाजतगाजत नेण्याची त्यांची प्रथा आजपर्यंत चालत आली आहे.

अमृतराव पेशव्यांची गोष्ट ह्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. रघुनाथरावांचा हा दत्तक मुलगा, दुसऱ्या बाजीरावाचा थोरला भाऊ. 1803मध्ये इंग्रजांशी करार करून, सालिना सात लाखांची तनखा घेऊन तो राजकारणातून बाजूला झाला आणि पुढचे आयुष्य त्याने कर्वीत आणि काशीत काढले. म्हणजे तोही एका अर्थी पेन्शनीवर काशीत आलेलाच. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर 1824मध्ये काशीत होता. अमृतराव त्याच वर्षी वारला. हेबरने त्याच्या वार्षिक दानाचे वर्णन लिहून ठेवले आहे. शहराबाहेर अमृतरावाची मोठी बाग होती. ठरलेल्या दिवशी सूर्योदय ते सूर्यास्त जो ब्राह्मण, जो आंधळा-पांगळा तिथे येईल त्याला तांदूळ आणि एक रुपया मिळे. बागेला चार दरवाजे. एक मालकाचा आणि नोकरांचा, बाकीचे तीन घेणाऱ्यांसाठी. एकाच माणसाने दोनदा घेऊ नये म्हणून आत आलेल्याला संध्याकाळपर्यंत बाहेर सोडत नसत. तो आत झाडाखाली बसून राही.

ह्या वर्णनावर मी बराच वेळ थांबते. रुपया घेतलेला एक म्हातारा दिवसभर झाडाखाली बसला आहे. त्याला सावली आहे, पाणी आहे, बोलायला माणसे आहेत, फक्त बाहेर जायची मुभा नाही. काशीतल्या स्वस्ताईचे हे फार नेमके चित्र आहे. देणारा उदार होता ह्यात शंका नाही. पण अटी त्याच्या होत्या, दिवस त्याचा होता, दरवाजे त्याचे होते.

आणि सगळ्यांना ते दरवाजे उघडे नव्हते. बहुतेक अन्नछत्रे ब्राह्मणांसाठी. कुणबी, माळी, शिंपी भाविक काशीला येत, पण त्यांतल्या कितीजणांना वीस वर्षे राहणे परवडले असते? ज्याच्यासाठी पान मांडलेले नाही त्याला काशी पंढरपुराहून फार महाग पडे. काशीवासाचा विचार करताना मला म्हणून कबीर आठवतो. काशीचाच विणकर, पण परंपरा सांगते की अखेरच्या काळात तो काशी सोडून मगहरला गेला. मगहरला मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, अशी समजूत असताना गेला. उतारवयात घर बदलणाऱ्यांच्या इतिहासात हे उलट्या दिशेचे पाऊलही मोजले पाहिजे. पत्त्यावर माणसाची किंमत ठरू नये, असे तो पायांनी सांगून गेला.

बायकांचा प्रश्न आणखी वेगळा. पुरुष काशीवास पत्करत. विधवांना बहुतेक वेळा काशीला ठेवले जाई. मराठीतले हे दोन क्रियापद पुरेसे बोलके आहेत. माझ्या आजीची आत्या अशी काशीला होती. घरात तिचे नाव कोणी घेत नसे, ‘काशीची आत्या’ एवढेच म्हणत. आजीच्या वडिलांकडून तिला महिन्याला सात रुपयांची मनीऑर्डर जाई, आणि पोचेची चिठ्ठी सहीसकट परत येई. त्या चिठ्ठ्या आजीच्या ट्रंकेत एका सुतळीत ओवून ठेवल्या होत्या. मी लहानपणी पाहिल्या आहेत. तारखा बदलत, सही हळूहळू वाकडी होत जाई. सात रुपये तेवढे बदलले नाहीत. मधे महायुद्ध आले, तांदूळ महाग झाला, घरातल्या सगळ्या खर्चांची बेरीज वाढली. ते सात रुपये वाढवावेत असे कोणाच्या मनात आले नाही, कारण ते कोणी वाईटपणाने ठरवलेले नव्हते. एकदा ठरले होते, इतकेच. मग एका महिन्याची मनीऑर्डरच परत आली. घरात कळले ते तसे.

ह्या सात रुपयांत काशीवासाचे सगळे अर्थशास्त्र आहे. ठराविक रक्कम, वाढत जाणारे वय आणि वाढत जाणारे भाव. ज्यांच्यासाठी मनीऑर्डर थांबली किंवा कधी सुरूच झाली नाही त्यांचे काय होई, ह्याची साक्ष रामकृष्ण मिशनच्या काशीतल्या सेवाश्रमात आहे. 1900 साली काही तरुणांनी गल्लीत आणि घाटावर टाकलेले आजारी, निराधार लोक उचलून आणायला सुरुवात केली, त्यातून तो उभा राहिला. मोक्षाच्या गावात माणसे रस्त्यावर पडलेली होती, म्हणूनच त्यांना उचलणारे लागले.

चालण्याविषयीही एक खुलासा करायला हवा. नकाशावर काशी सपाट दिसते. प्रत्यक्षात ती उभी आहे. गंगा खाली, गाव वर, आणि मधे पायऱ्या. साठाव्या वर्षी पंचगंगेच्या पायऱ्या म्हणजे पहाटेचा व्यायाम. पंच्याहत्तराव्या वर्षी त्याच पायऱ्या म्हणजे भिंत. श्रावण-भाद्रपदात पूर चढतो, खालच्या पायऱ्या बुडतात, पाणी ओसरले की चिखलाचा जाड थर उरतो. सत्यजित राय ह्यांच्या ‘अपराजितो’ ह्या 1956च्या चित्रपटात हरिहर तापातून उठून स्नानाला जातो आणि घाटाच्या पायऱ्या चढताना कोसळतो. खेड्यातून आलेल्या त्या कुटुंबाने काशीत बिऱ्हाड केले ते पोट भरण्यासाठी. पायऱ्यांनी तो हिशेब मोडला. पाहणाऱ्या बंगाली आजी-आजोबांना तो प्रसंग समजावून सांगावा लागला नसेल.

पायऱ्या उतरता येईनाशा झाल्या की काशीवासी काय करी? गंगेचा तांब्या घरी मागवी. कोणाकडून? शेजारच्या मुलाकडून, वाड्यातल्या सुनेकडून, पाणी भरणाऱ्या कहाराकडून. म्हणजे चालण्याजोगी वस्ती ही शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी पायांवर चालते. ज्या मोहल्ल्यात नुसतेच म्हातारे असतात तिथे हे पाय मिळत नाहीत. मराठी मोहल्ला टिकला त्याचे एक मोठे कारण हे की तो केवळ वृद्धांचा राहिला नाही. दुसऱ्या बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीआप्पा काशीत राहिला. त्याच्याबरोबर आलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी काशीत जन्मली, ती पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित-ज्योतिष शिकवत आयुष्यभर राहिले. बाबूराव विष्णु पराडकर 1883मध्ये काशीतल्या मराठी घरात जन्मले आणि ‘आज’ ह्या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे गुरू झाले. घरात मराठी, गल्लीत भोजपुरी, छापखान्यात हिंदी, पाठशाळेत संस्कृत. म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी वसलेल्या गल्लीतून असे लोक निघाले, कारण त्या गल्लीत पाळणेही हलत होते.

वाट बदलली तसा काशीवासही बदलला. पूर्वी पुण्याहून काशी म्हणजे महिन्यांचा प्रवास. निघणारा माणूस देणीघेणी चुकवून, सगळ्यांच्या पाया पडून निघे. 1870मध्ये जबलपूर-अलाहाबादमार्गे मुंबई-कलकत्ता आगगाडी सलग झाली. 1887मध्ये राजघाटाजवळ गंगेवर पूल झाला. मनीऑर्डर टपालखात्याकडे आली ती 1880मध्ये. आता काशीला जाऊन वर्षभर राहून पाहता येई, न जमले तर परतता येई. क्षेत्रसंन्यासाचे कडक रूप ह्या सोयीपुढे सैल पडत गेले. मला हे वाईट वाटत नाही. परत येण्याची वाट मोकळी असलेला निर्णय माणूस अधिक खरेपणाने घेतो.

पण देणारे हात एकेक करून आखडले. 1818मध्ये पेशवाई गेली. 1854मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. स्वातंत्र्यानंतर 1952मध्ये उत्तर प्रदेशात जमीनदारी नष्ट करणारा कायदा अमलात आला आणि जमिनीच्या वसुलावर उभ्या असलेल्या धर्मादायांचा पाया हलला. 1971मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. ह्यांतला प्रत्येक बदल आपापल्या जागी न्याय्य होता असे मी वर्गात शिकवले आहे, आणि आजही म्हणेन. ज्या रयतेच्या वसुलातून काशीतले पान वाढले जाई तिला त्या पंक्तीत कधी बसवले नव्हते. तरी त्या बदलांचा एक धक्का दुर्गाघाटावरच्या एखाद्या खोलीत दहा रुपये भाडे देऊन राहणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत पोचला, हेही खरे. त्याची स्वस्ताई त्या गल्लीची नव्हतीच. ती दूरच्या कुठल्या तरी गावाच्या शेतातून येत होती.

पुढे काशीवासाची मुदतच आखडली. अस्सीजवळच्या मुमुक्षु भवनात वृद्ध वर्षानुवर्षे राहत आले आहेत. पण 1958मध्ये सुरू झालेल्या काशी लाभ मुक्ती भवनात अखेरच्या घटका मोजणाऱ्यालाच जागा, आणि तीही साधारण पंधरवड्यापुरती. वीस वर्षांचा वास पंधरा दिवसांवर आला. मधली वर्षे, ज्यांची मी सुरुवातीला गोष्ट काढली, ती आता माणसे आपापल्या गावी, आपापल्या तिसऱ्या मजल्यांवर काढतात. 2021च्या डिसेंबरात विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. त्यासाठी गल्ल्यांतल्या तीनशेहून अधिक मालमत्ता घेऊन पाडल्या गेल्या. आता घाटापासून देवळापर्यंत रुंद वाट आहे. दर्शनाला येणाऱ्या म्हाताऱ्याची त्यामुळे सोय झाली, हे नाकारता येणार नाही. पण दर्शनाला येणारा म्हातारा आणि त्या गल्लीत राहणारा म्हातारा ही दोन वेगळी माणसे आहेत. एकासाठी शहर सुधारले की दुसऱ्यासाठी ते सुधारतेच असे नाही, आणि काशीत तरी त्यांच्यापैकी एकाची खोलीच त्या वाटेत होती.

हे सगळे वाचून-आठवून मी पुन्हा आमच्या वहीकडे आले. आम्ही एव्हाना नऊ वस्त्या पाहिल्या होत्या. त्यांतली एक आम्हा दोघांनाही आवडलेली. जुन्या गावात, मंडईपासून पाच मिनिटांवर, वाचनालय समोर, डॉक्टर कोपऱ्यावर. वाड्याचा तळमजला. भाडे आमच्या अपेक्षेहून बरेच कमी. ह्यांनी त्या ओळीसमोर बरोबरची खूण करून ठेवली होती.

मी वहीत दोन रकाने वाढवले. पहिल्याच्या डोक्यावर लिहिले: ‘स्वस्त कोणाच्या जिवावर?’ दुसऱ्याच्या डोक्यावर: ‘पाय थांबल्यावर कोण?’

पहिल्या रकान्यासाठी आम्ही पुन्हा त्या वाड्यात गेलो आणि मालकीणबाईंना सरळ विचारले, भाडे इतके कमी का? त्या म्हणाल्या, वाडा दोन-तीन वर्षांत पाडायचा आहे, तोवर रिकामा राहू नये म्हणून. त्यांनी लपवले नव्हते. आम्ही विचारले नव्हते. सत्तरीत दोन-तीन वर्षांसाठी घर बदलायचे नसते. त्या ओळीवर ह्यांनी काट मारली, आणि संध्याकाळभर ते कोणाशी बोलले नाहीत.

दुसरा रकाना भरायला वेळ लागतो. त्यासाठी सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा त्या गल्लीत जाऊन उभे राहावे लागते. शाळेची मुले जातात का, दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो का, कोणाच्या जिन्यात कोणाची पिशवी ठेवलेली दिसते का, हे बघावे लागते. गेल्या रविवारी दहाव्या वस्तीत एका ओट्यावर ऐंशीच्या पुढच्या बाई बसल्या होत्या. शेजारच्या घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगा सायकल भिंतीला टेकवून त्यांच्यापाशी आला, त्यांच्या हातातला डबा घेतला आणि न विचारता दूध आणायला गेला. भाडे तिथे बरेच जास्त आहे. घर पहिल्या मजल्यावर आहे, सतरा पायऱ्या.

ह्यांनी दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे म्हणून माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘‘दुधाचा मुलगा, असे लिहा. आणि भाड्याचा हिशेब घरी जाऊन पुन्हा मांडू.’’